वजा अडतीसचा कोपरा

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बस स्टँडसमोर चपलांचं दुकान अन रसवंती यायच्या मधात एक चिंचोळं दुकान आहे. पाटीवर लिहिलं आहे, 'रत्नमाला मोबाईल दुरुस्ती'. नवीन माणूस आत डोकावते, खुर्चीवर बाई पाह्यते अन इचारते, "मालक कुठी गेले?" रत्नमाला डोळ्यावरचं भिंग न काढता सांगते, "मालक खुर्चीवर बसून राह्यले. बोला." दहा वर्षं झाली. रोज एक तरी असा भेटतेच अन रोज उत्तर तेच. कंटाळा म्हणून येत नाई पोरीले.

पोरगी म्हणाचं आपलं. एकतिशी उलटली आता. शेवटचा जो पाहुणा पाहाले आला होता, त्याचा मोबाईल बंद पडेल होता. हिनं चहा थंडा व्हायच्या आत तो खोलला, पुसला, चालू करून देल्ला, अन साऱ्या बैठकीत सांगतलं, "हा हातातून नाई पडला. दारूत पडला. वास आहे अजून." पाहुणा गेला तो गेलाच. माय चंपाबाई महिनाभर हिच्यासंग बोलली नाई. बाप शेषराव मात्र खाटेवर पडल्या पडल्या पोट धरून हासे. म्हणे, "जावई फुकटात तपासून भेटला ना वं. अजून काय पाह्यजे."

शेषरावनं तीस वर्षं मालेगावच्या बाजारात हमाली केली. सोयाबीनचे, तुरीचे कट्टे वाहून वाहून मणका गेला, तवापासून खाट धरली. पण मणका जायच्या आधी त्यानं पोरीले वाशिमले आयटीआय शिकवली. तठून निघून ती दोन वर्षं एका ठेकेदाराकडं होती, घरोघरी, बँकेत, शाळेत वायफायचे डबे लावत हिंडे. तवाच तिले रेंज मोजाचा नाद लागला.

हे काई जादूटोणा नाई. मोबाईल असो का वायफायचा डबा, त्याच्यातून लहरी निघत राह्यते. दुसऱ्या मोबाईलवर एक ॲप टाकलं का त्या लहरीचा जोर आकड्यात दिसते. आकडा वजाचा. जवळ असलं तर वजा तीस, वजा चाळीस. लांब गेलं का वजा ऐंशी, नव्वद. मधात भिंत आली, धान्य आलं, माणूस उभा राह्यला, का जोर कमी होते. टिनाचा पत्रा तर लहर परत फेकते अन पार फसवते. म्हणून रत्नमाला मोबाईल छातीपाशी धरून जागच्या जागी सावकाश गोल फिरे. जिकडं पाठ केल्यावर आकडा पडला, तिकडं वस्तू आहे, कारण मधात तिचंच अंग आडवं आलं. बँकेतल्या शिपायानं तिले पहिल्या खेपेला असं फिरताना पाह्यलं तर इचारलं, "मॅडम, अंगात येऊन राह्यलं का? लिंबू आणू?"

गावात तिचं नाव झालं ते गोमतीबाईपायी. हमालायचा मुकादम पुंजाजी, त्याची ही बायको. सून दिवसभर मोबाईल पाह्यते म्हणून बाईनं सुनेचा मोबाईल लपवला. इथपर्यंत ठीक. पण कुठी लपवला तेच इसरली. अन सांगन तरी कशी, 'मी नाई बाप्पा पाह्यला' म्हणून आधीच मोकळी झालेली. फोन लावला तर रिंग जाये, आवाज कुठीच नाई. घर उलथंपालथं झालं. अन ही बाई टीव्हीपुढं बसून मालिका पाहून राह्यली. रत्नमाला आली, तिनं टीव्ही पाह्यला.

"मावशी, याले नेट कोणाचं?"

"टीव्हीचं," गोमतीबाई म्हणाली.

"टीव्हीले सोताचं नेट नसते. हे तुमच्या सुनेच्या मोबाईलचं हॉटस्पॉट आहे. मंजे मोबाईल घरातच आहे."

रत्नमाला ओसरीत फिरली, सैपाकघरात फिरली, अन पंधरा मिनिटात गव्हाच्या टाकीपाशी येऊन थांबली. कोपरापर्यंत हात घालून मोबाईल काढला. सून सासूकडं पाहे अन सासू गव्हाकडं. "उंदरानं नेला असन," गोमतीबाई म्हणाली.

मंग या बाईनं आपली चोरी तेवढी गाळली अन बाकीचं तिखटमीठ लावून गावभर केलं. रत्नमालाले भिंतीपलीकडचं दिसते म्हणे. हरवलेली गाय कुठी असन ते इचाराले दोन जण आले. हासू नका, खरंच आले.

तर हे असं हासत-खिदळत चाललेलं. मागच्या फेब्रुवारीत एका गुरुवारी ते सारं थांबलं.

मेडशी रोडवर एक मोठं टिनाचं गोदाम आहे. गोदामाच्या शेठनं भाव वाढायची वाट पाहत सोयाबीन दाबून ठेवेल होतं. मधात कट्ट्यायची एकच थप्पी, पार छताले टेकेल. पंधरा थराच्या वर नेऊ नका, असं पुंजाजीनं शेठले दोन डाव सांगतलं होतं. शेठनं चोवीस थर लावाले लावले. थप्पीच्या दोन्ही बाजूनं एक माणूस जाईन एवढी गल्ली. एक रोडाकडची, एक वावराकडची.

दीड वाजता हमाल बाहेर लिंबाखाली जेवाले बसले. पावणेदोनला अंदर ट्रक उलटल्यावानी आवाज झाला. धावत जाऊन पाह्यतात तर थप्पी मधातून फाटेल अन दोन्ही गल्ल्या कट्ट्यायनं बुजेल. धुराळा एवढा का हात दिसे ना. पुंजाजीनं माणसं मोजली. चौदाचे तेरा भरले.

जगदेव नव्हता.

जगदेव मेडशीचा. पन्नाशी उलटेल, काटक, बोलाले गोड. शेषराव कामावर होता तवा ही दोघायची जोडी. एक कट्टा उचलून दे, दुसरा पाठीवर घे. रत्नमाला लहान असताना बापाचा डबा घेऊन बाजारात जाये, तवा जगदेव तिले काट्यावर बसवे अन ओरडे, "बावीस किलो. एक नंबर माल. कचरा नाई, ओल नाई." ती रुसून खाली उतरे अन दुसऱ्या दिवशी पुन्हा काट्यापाशी जाऊन उभी राहे.

आता तो अंदर होता. जित्ता असन तर कुठं तरी दोन कट्ट्यायच्या सांदीत. पण कोणत्या गल्लीत, हे कोणाले मालूम नाई. जेसीबी आला, पण ड्रायव्हरनं हात जोडले. धक्का लागला तर उरलेली थप्पी बी बसन म्हणे. मंजे कट्टे हातानंच काढाचे. हजारावर कट्टे, तेरा हमाल. दोन्हीकडं माणसं वाटली तर कुठंच लवकर पोचत नाई. एक बाजू धरा लागत होती.

पुंजाजीनं जगदेवले फोन लावला. रिंग गेली. कान लावून आयकलं, काईच नाई. शेठचा मुनीम खेकसे म्हणून सारे हमाल मोबाईल मुका करूनच ठेवत. फोन खाली घेताना पुंजाजीले दिसलं, आपल्या मोबाईलवर अजून जगदेवचंच नेट चालू आहे. मोठं रिचार्ज जगदेवच मारे अन सुटीत बाकीचे त्याच्या हॉटस्पॉटवर व्हिडिओ पाहत. पुंजाजीच्या डोक्शात एकदम गव्हाची टाकी आली.

सव्वादोनले रत्नमाला स्कूटी टाकून अंदर धावली. तोंडाले रुमाल, हातात मोबाईल अन खडू.

"काका, साऱ्यायचे वायफाय बंद करा. फक्त तुमचा जोडून ठेवा, नाई तर जगदेवकाकाचा हॉटस्पॉट आपोआप बंद पडन. अन सारे बाहेर व्हा. तुमच्या अंगानं आकडा बिघडते."

तिनं रोडाकडून सुरुवात केली. पाच पावलं गेली का थांबे, गोल फिरे, टिनावर खडूनं आकडा लिहे. त्र्याहत्तर. एकोणसत्तर. बहात्तर. मंग ढिगाऱ्याले वळसा घालून वावराकडं गेली. एकसष्ट. चौपन्न. सत्तेचाळीस. अगदी कोपऱ्यात, कट्ट्यायवर चढून, अडतीस.

"वजा अडतीस मंजे बरं का वाईट?" दारातून एकानं इचारलं.

"बरं."

तिले टिनाची खोडी मालूम होती. म्हणून तिनं पुरी फेरी पुन्हा मारली, अन तिसऱ्यांदा मारली. तीनही डाव तोच कोपरा. हिशोब पक्का होता. तिनं टिनावर मोठी फुली मारली अन म्हणाली, "अठी."

तेरा जण तुटून पडले. एक जण कट्ट्यात हमालाचा लोखंडी आकडा मारे, दुसरा ओढे, तिसरा बाहेर फेके. त्यायले मालूम होतं का कट्ट्याखाली माणूस किती वेळ काढते.

पाऊण तासात जगदेवची बायको चतुराबाई मेडशीहून ऑटोनं आली. पदर खांद्यावर नाई, पायात चप्पल नाई, कानाले मोबाईल. घरून निघाल्यापासून ती एकसारखी जगदेवले फोन लावून राह्यली होती.

"काकी, फोन नका लावू," रत्नमाला म्हणाली. "ब्याटरी उतरन. मंग मले समजणार नाई काका कुठी आहे ते."

"आत्ता समजून राह्यलं का तुले?"

"समजून राह्यलं. त्या कोपऱ्यात आहे. काढून राह्यले."

चतुराबाईनं मोबाईल खाली घेतला. पोरीवर इसवास ठेवून ती लिंबाखाली जाऊन बसली अन कोपऱ्याकडं पाहत राह्यली.

सव्वातीनच्या सुमाराले पुंजाजीनं हात वर केला. सारे थांबले.

"कण्हल्यावानी आवाज आला. रोडाकडून."

सारे कान देऊन उभे. टिन कडकडलं उन्हानं. बाकी काई नाई.

"आला होता, रत्ना. मी आयकला."

रत्नमालानं मोबाईलवर पाह्यलं. वजा छत्तीस. कट्टे कमी झाले तसा आकडा सुधरून राह्यला होता. "काका, टिनात आवाज फिरते. कुठला कुठी आयकू येते. आकडा अठीच सांगून राह्यला."

पुंजाजीनं रोडाकडं पाह्यलं. चाळीस वर्षं गोदामात काढेल माणूस तो. पण त्याच्याच घरच्या गव्हातून या पोरीनं मोबाईल काढला होता. "ठीक आहे. अठीच," तो म्हणाला अन त्यानं आकडा कट्ट्यात रोवला.

साडेचारले टिनाची भिंत लागली. भिंतीले खिळा होता. खिळ्याले निळा शर्ट लटकेल. कट्ट्यायनं दाबून तो भिंतीले चिकटून बसेल होता. रत्नमालानं खिशात हात घातला. मोबाईल होता, गरम. त्याच्यावर पुंजाजीचा एक मिसकॉल, बाकी सतरा 'घर' नावाचे. ॲपवरचा आकडा वजा एकवीस.

माणूस नव्हता.

पुंजाजी हातातला आकडा टाकून खालीच बसला. "आज गुरुवार," तो म्हणाला.

हमाल कामाले लागला का शर्ट काढते. बारदान्याचं कुसळ घामात रुतते अन शर्ट फाटते ते वेगळं. शर्ट भिंतीच्या खिळ्याले, मोबाईल शर्टाच्या खिशात. जेवाची सुटी झाली का शर्ट घालून बाहेर बसाचं, रोडावरून लोक जाते, उघड्या अंगानं घास खाऊ नये, असा पुंजाजीनंच लावेल दंडक. म्हणून त्या दुपारी तेराच्या तेरा जणायच्या अंगात शर्ट होता, अन कोणाच्या मनात दुसरं आलंच नाई. पण जगदेवचा गुरुवारचा उपास होता. त्याले जेवाचंच नव्हतं. मंग शर्ट कायले घालन? तो उघडाच, रोडाकडच्या गल्लीत थंड फरशीवर जाऊन पडला होता.

हे त्या तेराईले मालूम होतं. अन रत्नमालाले? रोज डबा घेऊन जाणारी हमालाची पोरगी ती. बापानं डबा हातात घ्यायच्या आधी शर्टाच्या गुंड्या लावताना तिनं किती वर्षं पाह्यलं.

सारे रोडाकडं धावले. सहा वाजता जगदेव सापडला. अंग उघडं, एक हात डोक्यावर. दोन कट्ट्यायच्या मधात तोंडापुरती जागा होती. दवाखान्यात डॉक्टर पोलिसाले सांगत होता, "दम कोंडून गेला. साडेचारपर्यंत तरी असन जीव." रत्नमाला मागंच उभी होती.

घरी गेली तवा शेषराव खाटेवर जागाच. जगदेव गेला हे त्याले समजलं होतं, कसा ते नाई. तिनं सांगाले सुरुवात केली. 'हॉटस्पॉट', 'कोपरा' एवढं झालं, अन त्यानंच इचारलं, "मोबाईल शर्टात असन ना? अन शर्ट कुठी होता?"

ती खाटेपाशी खाली बसली.

"गुरुवार धरे तो," शेषराव म्हणाला. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. "तू मले एक फोन कराचा होता वं, बाई."

गोदामापासून त्याची खाट दीड किलोमीटर.

मंग जे झालं ते अजून वाईट. कोणी तिले बोललंच नाई. उलट दुसऱ्या दिवशी मोबाईलवर बातमी फिरली, 'मालेगावच्या लेकीनं रेंजवरून लावला हमालाचा शोध'. खाली तिचा आयटीआयतला फोटो. लोक दुकानात येऊन अभिनंदन करून गेले. शेठले तर ही बातमी भलतीच आवडली. साऱ्या गावात रेंजचीच चर्चा, चोवीस थराची कोणी गोष्टच काढेना. शेठनं मुनीमाच्या हाती निरोप धाडला, शाल-श्रीफळ देऊन सत्कार कराचा आहे, कवा येता.

"मोबाईल सापडला म्हणून सत्कार आहे का?" तिनं इचारलं.

मुनीम म्हणाला, "तसंच काहीसं."

"शेठले सांगा, शाल थप्पीवर पांघरा."

पोलिसाकडं जबाब देताना तिनं सारं सांगतलं. शर्टाचं, पुंजाजीनं आवाज आयकला त्याचं, आपण अडवलं त्याचं. जमादारानं पेन थांबवला. "हे कायले सांगून राह्यल्या? यानं शेठचीच बाजू मजबूत होते. उशीर तुमच्यानं झाला म्हणन तो."

"थप्पी त्याची अन उशीर माझा. दोन्ही लिहा."

त्यानं लिहिलं का नाई, देव जाणे. पण जिले सांगाचं होतं तिच्याकडं जायची रत्नमालाची हिंमत झाली नाई. मोबाईल पोलिसायनं मेडशीले पोचवला. शर्ट मात्र त्या दिवशी हिच्याच हातात राहून गेला होता. दुकानाच्या खालच्या खणात घडी करून ठेवला. बारा दिवस गिऱ्हाईक खणाकडं बोट दाखवे, चार्जर आहे का म्हणून, तर ही म्हणे, "नाई."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चतुराबाई दुकानात आली. बाकावर बसली. पाणी घेतलं. चहा नको म्हणाली.

"लोक सांगून राह्यले, तू शोधला त्याले."

"काकी—"

"मी ते इचाराले नाई आली. घरी आणला तवा उघडा होता. निळा शर्ट घालून गेला होता सकाळी. पुंजाजीले इचारलं, तो खाली पाह्यते. मुनीमाले इचारलं, तो म्हणते दवाखान्यात इचारा. शर्ट कुठी गेला, एवढं तुले मालूम आहे का?"

रत्नमालानं खण उघडला अन शर्ट समोर ठेवला. मंग उभ्या उभ्याच सारं सांगतलं. खिळा, गुरुवार, वजा अडतीस. दोन तास वावराकडं काढले ते. रोडाकडून आवाज आला ते. आपण फोन बंद कराले लावला ते. डॉक्टरचं साडेचार.

चतुराबाई शर्टाची कॉलर हातानं सरळ करत होती. "मंजे मी फोन लावत होतो तवा..."

"फोन खिळ्यावर होता, काकी. अन मुका होता."

"सतरा डाव लावला. मले वाटे, उचलता येत नसन त्याले, पण दिसत असन. उजेड पडत असन. घरून फोन येऊन राह्यला, एवढं समजत असन." तिनं कॉलर सोडली. "रोज रात्री तेच मनात आणून झोपतो मी."

रत्नमालानं उघडा खण बंद केला.

"अन त्यानं आवाज देल्ला म्हणतं?"

"एक डाव. पुंजाजीकाकानं आयकला."

"तू?"

"मी नाई. मी मोबाईल पाहून राह्यली होती."

चतुराबाईनं शर्टाची घडी केली, पिशवीत ठेवली अन उठली. दारात थांबली. "मेडशीची गाडी किती वाजता आहे?"

"चारले. मी येतो स्टँडपर्यंत."

"नको."

ती रोड ओलांडून गेली अन स्टँडच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. चारची गाडी पावणेपाचले आली. तवापर्यंत दुकानात तिघं येऊन गेले, एकाचा डिस्प्ले, एकाची ब्याटरी, एक नुसताच भाव इचाराले. रत्नमालानं तिघायचं बी काम घेतलं नाई. ती काउंटरमागं उभी राहून समोर पाहत होती. चतुराबाईनं एकदाही इकडं पाह्यलं नाई. गाडीत चढताना कंडक्टरनं पिशवी हातात घ्याले हात पुढं केला, तर तिनं ती देल्ली नाई.